तंबूतली पहिली रात्र

तंबूत एक रात्र काढायची ठरली की घरात याद्या होऊ लागतात. मोठी माणसे शिधा, भांडी आणि अंथरुणे यांची यादी करतात. मुलांच्या यादीत विजेरी, पत्ते, चेंडू आणि खाऊ असतो. दोन्ही याद्या आपापल्या जागी ठीक आहेत. पण भरती किती वाजता येणार, पहाटे जमीन किती गार होणार, वारा कोणत्या बाजूने वाहणार, या गोष्टी त्यांपैकी कोणत्याच यादीत सापडत नाहीत. घरी असताना त्यांचा विचार आपल्याला करावा लागत नाही, कारण घर बांधणाऱ्याने तो आपल्यासाठी आधीच करून ठेवलेला असतो. जोते आपल्याला पाण्यापासून आणि ओलीपासून वर उचलते, छप्पर आकाश झाकते, भिंत वारा अडवते आणि खिडकी कोंदट हवा बाहेर घालवते. तंबू म्हणजे जेमतेम एक कापड. तेव्हा ही सारी कामे त्या एका रात्रीपुरती आपल्या अंगावर येतात. ती कशी पार पाडावीत हे भौतिकशास्त्राच्या मदतीने पाहू. विद्यार्थिमित्रांनो, यांतील बरीचशी मोजमापे तुम्हीच करायची आहेत. मोठ्या माणसांना त्या दिवशी दुसरी कामे पुष्कळ असतात.

जागा आणि दिवस

वसई-विरारच्या मुलांना पहिल्या मुक्कामासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, अशा चौकटीत हा मुलूख बसलेला आहे. तुंगारेश्वर हे अभयारण्य असल्यामुळे वनखात्याच्या परवानगीवाचून तेथे रात्री राहण्याचा बेत करू नये. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव हे किनारे सर्वांच्या ओळखीचे आहेत. पण उघड्या पुळणीवर तंबू ठोकणे लहान मुलांसह जाणाऱ्या कुटुंबाच्या हिताचे नाही. त्याची कारणे पुढे येतीलच. माझ्या मते पहिली रात्र किनाऱ्याजवळच्या, ओळखीच्या माणसाच्या वाडीत काढावी. जवळ पाणी असते, हाकेच्या अंतरावर घर असते, आणि रात्री दोन वाजता धाकट्याला ताप आलाच तर दार ठोठावता येते. पहिल्या मुक्कामात पराक्रम करून दाखवायचा नसतो.

वाडीत पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे उजेड असतानाच विहीर आणि बावखल कोठे आहे ते सर्व मुलांना दाखवणे. वसईकडची ही जुनी तळी काठापर्यंत झुडपे आणि गवत वाढल्यामुळे अंधारात दिसत नाहीत. तंबू त्यांच्यापासून दूर लावावा, आणि रात्री तंबूबाहेर पडायचे झाल्यास एकट्याने पडायचे नाही हा नियम निघण्यापूर्वीच घरी ठरवून टाकावा.

ऋतू हिवाळ्याचा बरा, म्हणजे दिवाळी झाल्यानंतर फेब्रुवारीअखेरपर्यंतचा. एरवी येथे थंडी बेताचीच असते. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी तापमान ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते, पण तशी रात्र क्वचितच येते. आपण पहाटेचे तापमान १७-१८ अंश धरून चालू.

राहिला दिवस. तो ठरवण्यासाठी मात्र पंचांग उघडावे लागेल. त्यात मुहूर्त पाहायचा नाही, तिथी पाहायची आहे.

तिथीची पाऊणपट

समुद्राकाठच्या जुन्या माणसांना भरतीची वेळ विचारा. ती घड्याळाकडे न पाहता आजची तिथी विचारतील आणि तिला पाऊणने गुणतील. चतुर्थी असेल तर ४ गुणिले पाऊण म्हणजे ३. पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सकाळ-संध्याकाळी सहा. द्वादशीला नऊ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच.

हा हिशेब का जमतो? चंद्र सूर्याच्या तुलनेत १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते. पृथ्वीला १५ अंश फिरायला एक तास लागतो, म्हणून १२ अंशांसाठी ४८ मिनिटे लागतात. चंद्राच्या मागोमाग येणारी भरती त्यामुळे दर तिथीला सुमारे ४८ मिनिटे उशिरा येते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. तोंडी गणितासाठी ३ मिनिटे सोडून दिली, एवढाच फरक! पंधरा तिथींत मात्र ही सूट ४५ मिनिटांची होते. म्हणून पौर्णिमा-अमावास्येला हा नियम सव्वाअकरा सांगतो तेव्हा मुंबईजवळची भरती बाराच्या आसपास असू शकते. नियम वेळेचा अंदाज देण्यासाठी आहे. निघण्यापूर्वी छापील भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून अचूक वेळ लिहून घ्यावी.

आता एक उदाहरण सोडवू. समजा, एक कुटुंब चतुर्दशीच्या दिवशी दुपारी चार वाजता किनाऱ्यावर पोहोचले. १४ गुणिले पाऊण म्हणजे साडेदहा. रात्री साडेदहाला भरती, म्हणजे त्याआधी सव्वासहा तास, दुपारी सव्वाचारच्या सुमारास पूर्ण ओहोटी. कुटुंब पोहोचले तेव्हा पुळण सर्वांत रुंद दिसत होती! कोरड्या, सपाट वाळूवर तंबू उभा राहिला. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र आणि सूर्य यांचे आकर्षण एकाच रेषेत येते आणि उधाणाची भरती येते. मुंबईच्या किनाऱ्यावर अशा वेळी ओहोटीच्या आणि भरतीच्या पातळ्यांत चार मीटरहून अधिक फरक पडतो. हे पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. खलाशी लोक सोयीसाठी असे मानतात की एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात व चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. म्हणजे पहिला तासभर समुद्र जागचा हललाच नाही असे वाटते, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी एक मीटर पाणी चढते. आता पुळणीचा उतार ५० मीटरांत १ मीटर असेल, तर एका मीटरच्या चढाने पाण्याची कड तासाभरात ५० मीटर आत येईल. आपल्या उदाहरणातील कुटुंबासाठी ही वेळ संध्याकाळी सव्वासहा ते सव्वाआठ, नेमकी अंधार पडण्याची आणि सर्वांचे लक्ष चुलीकडे असण्याची आहे.

उतार मोजणे अवघड नाही. गवंडी वापरतात तशी दहा मीटर लांबीची पारदर्शक नळी घ्या, तीत पाणी भरा, आणि दोघांनी दोन टोके काठीला धरून एकाने वर, एकाने समुद्राच्या बाजूला उभे राहा. दोन्ही टोकांतले पाणी एकाच पातळीत येते. दोन्ही काठ्यांवर वाळूपासून पाण्यापर्यंतची उंची मोजून वजाबाकी केली की दहा मीटरमागे उतार किती ते कळते.

येथे आणखी एक खुबी आहे, आणि ती पुष्कळ मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते. दुपारच्या भरतीने वाळूवर सोडलेली कचऱ्याची आणि शिंपल्यांची ओळ पाहून तिच्या वर तंबू लावला तर तो सुरक्षित, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. चंद्र आणि सूर्य नेहमी विषुववृत्ताच्या डोक्यावर नसतात. ते उत्तरेस किंवा दक्षिणेस कललेले असले की समुद्राच्या पाण्याचे फुगवटेही कलतात, आणि आपल्या अक्षांशावर एक भरती उंच व दुसरी ठेंगणी होते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यातल्या उधाणाला दुपारची भरती उंच असते. हिवाळ्यात मात्र मध्यरात्रीची. म्हणजे आपण ज्या ऋतूत जाणार त्याच ऋतूत झोपेत येणारे पाणी दुपारच्या ओळीच्या वर चढते. म्हणून तंबू पुळणीवर नको, सुरूच्या झाडांच्याही आत, वाडीत असावा.

होळी पौर्णिमेला असते आणि धुळवड दुसऱ्या दिवशी. रंग धुण्यासाठी समुद्रात उतरणाऱ्या मंडळींनी हा योग लक्षात ठेवला तर बरे.

मग कोणता दिवस निवडावा? अष्टमी-नवमीच्या सुमारास चंद्र व सूर्य यांची आकर्षणे काटकोनात येतात आणि भांगाची भरती येते. पाण्याची चढउतार सर्वांत कमी असते. त्यातही वद्य अष्टमी अधिक चांगली, कारण त्या रात्री चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. जेवणानंतरचे आकाश काळेभोर मिळते आणि मृग, रोहिणी, कृत्तिका मुलांना दाखवता येतात. विजेरीच्या काचेवर लाल पारदर्शक कागद बांधावा. डोळा अंधाराला पुरता सरावायला अर्धा तास घेतो, आणि पांढऱ्या प्रकाशाच्या एका झोताने ती सारी तयारी वाया जाते. लाल प्रकाशाने ती फारशी बिघडत नाही.

आधी गच्चीवर

दिवस ठरला की त्याच्या आठ-पंधरा दिवस आधी एक रंगीत तालीम करावी. इमारतीच्या गच्चीवर, सोसायटीची परवानगी घेऊन, मोठ्या माणसांसह एक रात्र झोपून पाहावे. गच्चीत खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून तंबू नसला तरी चालेल. ही रात्र प्रयोगासाठी आहे.

कापसाचे दोन सारख्या वजनाचे बोळे घ्या. एक गच्चीत उघड्यावर पाटावर ठेवा, दुसरा तशाच पाटावर पण एखाद्या स्टुलाखाली. सकाळी ऊन येण्यापूर्वी दोन्ही पुन्हा तोला. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर उघड्यावरचा बोळा अधिक जड झालेला आढळेल.

हा प्रयोग दोनशे वर्षांहून जुना आहे. लंडनमधील डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी रात्री बागेत लोकरीचे मोजून घेतलेले पुंजके ठेवून कोठे किती दव पडते ते तोलून काढले आणि १८१४ मध्ये दवावरचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला. एक फळी चार पायांवर आडवी ठेवून तिच्यावर एक आणि खाली एक पुंजका त्यांनी ठेवला. वरच्या पुंजक्यावर खालच्याच्या तिपटीहून अधिक पाणी जमले. दव वरून पावसासारखे पडत असते तर मोकळ्या जागेत ठेवलेल्या सर्व वस्तूंवर ते सारखेच जमले असते. तसे होत नाही. जी वस्तू आकाशाकडे उघडी असते ती आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे पाठवते, भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते, आणि तिला टेकलेल्या हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. मध्ये फळी, झाड किंवा ढग आला की तो खालच्या वस्तूकडे काही उष्णता परत धाडतो आणि थंडावणे कमी होते.

आपल्याकडे याचा धंद्यासाठी उपयोग होत होता. रॉबर्ट बार्कर याने अलाहाबादकडील बर्फ तयार करण्याच्या रीतीचे वर्णन १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले होते. उथळ मातीच्या परळांत पाणी घालून ती वाळक्या काडांच्या थरावर रात्री उघड्यावर ठेवत आणि पहाटे त्यांवर बर्फाचा पापुद्रा मिळे. हवा गोठणबिंदूपर्यंत उतरलेली नसतानाही हे घडे. वरून आकाशाकडे उष्णता जाते आणि खालून जमिनीची उष्णता काडे वर येऊ देत नाहीत, हे त्यामागचे तत्त्व होय.

तुमचा तंबू, तुमची चादर आणि तुमच्या धाकट्या बहिणीचे उघडे डोके हीदेखील या परळांसारखीच आकाशाकडे तोंड करून असतात. डोक्याला कानटोपी, आणि तंबू झाडाच्या आडोशाला, एवढ्याने बराच फरक पडतो.

गच्चीची तालीम एका बाबतीत मात्र फसवी असते. दिवसभर उन्हात तापलेला सिमेंटचा स्लॅब मध्यरात्र उलटून गेली तरी खालून ऊब देत राहतो. वाडीतल्या गवताखाली असा साठा नसतो. गच्चीवर ज्या अंथरुणात छान झोप लागली ते वाडीत पुरेल असे समजू नका.

पांघरुणापेक्षा अंथरूण

थंडी वरून वाजते असे आपल्याला वाटते, म्हणून पांघरुणे भरपूर नेली जातात. प्रत्यक्षात झोपलेल्या माणसाची उष्णता खालून चोरीला जाते. किती, ते काढून पाहू. वहनाने जाणारी उष्णता ही पदार्थाची वाहकता, टेकलेले क्षेत्रफळ आणि तापमानांतला फरक यांच्या गुणाकाराला थराच्या जाडीने भागले असता मिळते. दहा वर्षांच्या मुलाचे पाठीकडचे टेकलेले क्षेत्रफळ पाव चौरस मीटर धरू. त्वचा ३३ अंशांवर, जमीन १८ अंशांवर, फरक १५. दुहेरी सतरंजी घातली तर तिची जाडी सुमारे ५ मिलिमीटर आणि वाहकता ०.०६. उत्तर येते ४५ वॅट. आता दाबून ३ सेंटिमीटर राहील असा भाताच्या पेंढ्याचा थर घ्या, वाहकता ०.०५ धरली तर उत्तर सहा वॅटच्या थोडे वर.

या आकड्यांचा अर्थ कळण्यासाठी तिसरा आकडा हवा. दहा वर्षांचे मूल झोपेत साधारण ५५ ते ६० वॅट उष्णता निर्माण करते. जुन्या साठ वॅटच्या दिव्याएवढी. त्यातली ४५ जर खालीच गेली तर वर दोन घोंगड्या घालूनही ते कुडकुडणार. खरे तर आपले गणित थोडे कडक आहे. अंगाखालची जमीन हळूहळू तापते आणि नुकसान कमी होत जाते. पण सतरंजी आणि पेंढा यांच्यातली सातपट तफावत खोटी नाही. वाळू ओली असेल तर परिस्थिती आणखी वाईट, कारण ओल्या वाळूची वाहकता कोरडीच्या सहा-सात पट किंवा त्याहूनही जास्त असते. म्हणून सर्वांत खाली ताडपत्री, तिच्यावर पेंढा आणि वर सतरंजी, असा क्रम ठेवावा. पेंढा नवा, उन्हात पसरून झटकून घेतलेला असावा आणि तो गोणपाटात भरून शिवून टाकावा. सुगी झाल्यावर तो आपल्या भागात मिळायला अडचण पडत नाही. बाजारात फोमच्या गुंडाळ्या मिळतात, त्याही चांगल्या. हवा भरलेली गादी मात्र मऊ असूनही गार लागते. आत मोकळी हवा अभिसरणाने फिरत राहते आणि उष्णता खाली पोहोचवते. पेंढ्यात हवा कोंडलेली असते, तिला फिरता येत नाही.

मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त थंडी का वाजते? एक घन घ्या आणि त्याची बाजू दुप्पट करा. घनफळ आठपट होते, पृष्ठफळ चौपटच. लहान शरीराला वजनाच्या मानाने कातडी अधिक, आणि उष्णता कातडीतूनच जाते. तेव्हा जाड अंथरूण एकच असेल तर ते घरातल्या सर्वांत लहान माणसाला द्यावे.

तंबू आतून भिजतो

सकाळी तंबूच्या छतावरून थेंब टपकू लागले की तंबू गळका निघाला म्हणून दुकानदाराला बोल लावला जातो. बहुतेक वेळा पाणी आपलेच असते. श्वासातून आणि त्वचेतून चौघांचे मिळून आठ तासांत अर्धा ते एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते, म्हणजे तासाला किमान ६० ग्रॅम. लहान तंबूत ४ घनमीटर हवा मावते असे धरू. १८ अंशांवर एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १५ ग्रॅमच्या आसपास वाफ धरून ठेवते. चार घनमीटरांत ६० ग्रॅम. याचा अर्थ आतली हवा आधी पूर्ण कोरडी असती तरी एका तासात ती संपृक्त झाली असती! आणि समुद्रकाठची हवा कोरडी कुठून असणार? जादा वाफ सर्वांत थंड जागी, म्हणजे आकाशाकडे उष्णता घालवणाऱ्या छताच्या कापडावर, द्रवरूप होते.

उपाय एकच, हवा खेळती ठेवणे. तंबूच्या दोन समोरासमोरच्या खिडक्या, एक खाली व एक वर असतील तर अधिक चांगले, जाळी लावून उघड्या ठेवाव्यात. थंडीच्या भीतीने तंबू बंद केला तर पहाटे पांघरुणे ओलसर होतात आणि ओले पांघरूण ऊब देत नाही.

याच हवेच्या संदर्भात एक गोष्ट हात जोडून सांगतो. तंबूत निखाऱ्यांची शेगडी, पेटता स्टोव्ह किंवा गॅस कधीही नेऊ नये. अगदी "दोनच मिनिटे, मुलांचे हात शेकू" म्हणूनही नाही. अपुऱ्या हवेत जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड देतो. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने ठसका लागत नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते, आणि झोपलेले माणूस जागे न होताच मरते. डासांची अगरबत्तीही आत नको. नायलॉनला ठिणगी पुरते.

नारळ, वारा आणि दोर

वाडीत सावलीसाठी नारळाचे झाड दिसले की तंबू तेथेच लावावासा वाटतो. दीड किलोचा नारळ १५ मीटर उंचीवरून सुटला तर जमिनीशी त्याचा वेग सेकंदाला १७ मीटर, म्हणजे ताशी साठ किलोमीटरच्या वर जातो. हिशेब तुम्ही करून पाहा. मग आंबा, चिंच किंवा मोकळी जागा यांपैकी काय निवडायचे ते सांगावे लागणार नाही. मात्र आंब्याखालीही वाळलेल्या फांद्या नाहीत ना, ते वर पाहून घ्या.

भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे तुम्ही शिकला आहात. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून वारा येतो; रात्री जमीन समुद्राहून थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. संध्याकाळी चुलीचा धूर पूर्वेकडे जाताना पाहून चुलीच्या पश्चिमेस तंबू लावला, तर पहाटेच्या चहाच्या वेळी तोच धूर तंबूत शिरेल. चूल तंबूच्या उत्तरेस किंवा दक्षिणेस, चांगली दहा-पंधरा पावले दूर मांडावी. झोपण्यापूर्वी तिच्यावर पाणी ओतून, ढवळून, हाताला ऊब लागत नाही याची खात्री करावी.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ६० न्यूटन जोर लावतो. तीन चौरस मीटरच्या बाजूवर १८० न्यूटन, म्हणजे अठरा-एक किलो वजनाचा रेटा. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. हा रेटा दोर पेलतात. दोर जमिनीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर खुंटी वर उपटणारा जोर आडव्या रेट्याच्या ०.५८ पट असतो. दोर आखूड करून कोन ६० अंश केला तर तोच १.७३ पट होतो. जागा वाचवण्यासाठी आखूड बांधलेले दोर पहिल्या झोतालाच खुंट्या उपटतात ते यामुळे. दोर लांब, खुंटीचे डोके तंबूपासून बाहेर झुकलेले, आणि दोरावर पांढरी चिंधी, म्हणजे अंधारात कोणी अडखळणार नाही. वाडीची जमीन रेताड असेल तर खुंटीऐवजी वाळू भरलेली पिशवी हातभर खोल पुरून तिला दोर बांधावा. पिशवीवरची सारी वाळू उचलल्याशिवाय ती बाहेर येत नाही.

मण्यार

सापांविषयी घाबरवून सोडण्याचा हेतू नाही, पण मण्यार या सापाबद्दल प्रत्येक कुटुंबाला माहिती हवी. तो रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो, आणि त्याचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते. म्हणून ज्याचा तळ शिवलेला आहे असाच तंबू घ्यावा, आणि जाळीची चेन आत-बाहेर करताना दर वेळी पूर्ण लावावी. हे काम मुलांवर सोपवा. ती मोठ्यांपेक्षा काटेकोर असतात. चपला-बूट तंबूच्या आत, आणि घालताना झटकून. खरकटे आसपास टाकू नये, कारण खरकट्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. दंशाची नुसती शंका आली तरी कापणे, चोखणे, मंत्र-तंत्र यांत एक क्षणही घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष मिळणारे रुग्णालय गाठावे. असे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, ते निघण्यापूर्वी चौकशी करून कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद विजेरीबरोबर ठेवावा.

पाणी घरूनच न्यावे. किनाऱ्याजवळच्या विहिरी खाऱ्या असण्याचा संभव असतो. चौघांना शनिवार दुपारपासून रविवार सकाळपर्यंत पिण्यास आणि स्वयंपाकास दहा-बारा लिटर पुरते. त्याचेच वजन दहा-बारा किलो होते, तेव्हा ते एकाच पिशवीत न भरता वाटून घ्यावे.

सकाळी तंबू लगेच गुंडाळू नका. तो उलटा करून उन्हात वाळत घाला आणि तोपर्यंत न्याहारी उरका. ओला गुंडाळलेला तंबू आठवड्यात बुरसतो.

वाडीतून परत आल्यावर सोडवण्यासाठी तीन प्रश्न देतो. तुमच्या तंबूची लांबी, रुंदी आणि उंची मोजून त्यातली हवा किती घनमीटर आहे ते काढा. चौघांऐवजी सहाजण झोपले तर ती हवा किती वेळात संपृक्त होईल? गच्चीवरच्या आणि वाडीतल्या कापसाच्या बोळ्यांनी किती दव टिपले, आणि आंब्याखाली ठेवलेल्या बोळ्याने किती? येत्या महिन्यातल्या प्रत्येक रविवारची तिथी पंचांगातून काढून भरतीची वेळ पाऊणपटीने मांडा, ती छापील कोष्टकाशी ताडून पाहा, आणि फरक कोणत्या तिथीला सर्वांत मोठा येतो ते शोधा.